विठू, सांग तिला

सरूबाई शिगवणने सुनेशी बोलायचं नाही असं ठरवलं, त्याला वर्ष होत आलं होतं. ठरवलेलं मोडायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव. त्याचा सगळ्यात जास्त त्रास तिला स्वतःलाच झाला होता, पण स्वभाव काही बदलला नव्हता.

कारण भाईंदरच्या गोडदेव भागात सगळ्यांना माहीत होतं. तिचा एकुलता एक मुलगा निकेत जहाजावर फिटर होता. त्याने उत्तनजवळच्या डोंगरीच्या हेझलशी ठाण्याला कोर्टात लग्न केलं आणि संध्याकाळी दोघंही गळ्यात हार तसेच ठेवून दारात येऊन उभी राहिली. हेझलचं घराणं पिढ्यानपिढ्यांचं ख्रिश्चन. सरूबाईचं माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. तिने दार उघडलं, दोघांना आत घेतलं, जेवायला वाढलं, कारण भुकेलं माणूस उंबऱ्यात ठेवायची तिच्याकडे रीत नव्हती. मग हात धुऊन म्हणाली, "घर तुमचंच आहे, राहा. पण हिच्याशी मी बोलणार नाही."

निकेतला वाटलं, चालेल आठ दिवस. पुढे जहाजावर जायची वेळ आली तेव्हा त्याला वाटलं, आपण परत येईपर्यंत होईल नीट. दोन्ही वेळा त्याने आईला कमी ओळखलं.

दोन खोल्यांत दोन बायकांनी न बोलता संसार करायचा म्हणजे सोपी गोष्ट नाही. सुरुवातीला समोरच्या घरातली शेवंती उपयोगी पडली. सरूबाई दारात उभी राहून म्हणे, "शेवंती, ज्याला कुणाला आंघोळ करायची असेल त्याने उरकून घ्यावी, पाणी जाणार आहे." शेवंती बिचारी आपल्या घरात चपात्या लाटत असे, तिची आंघोळ पहाटेच झालेली असे. थोड्या दिवसांनी तिने दार लावून घ्यायला सुरुवात केली. मग सरूबाई देवाला सांगू लागली. "देवा, गॅस संपत आलाय," असं देव्हाऱ्यासमोर बसून म्हटलं, की दोन-तीन दिवसांत सिलिंडर येई. नंबर हेझलने लावलेला असे.

दोन हजार पाच सालच्या मार्चमध्ये एका दुपारी हेझलचे वडील दारात उभे राहिले. रॉक त्यांचं नाव. लग्नानंतर ते या घरी पहिल्यांदाच येत होते. काखेत बुटांचा खोका होता.

"हेझल हाय काय?"

"कामावर गेलीये," सरूबाई म्हणाली. हेझल भाईंदर पश्चिमेला एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती.

"मंग तुमीच घ्या, विहीनबाय."

आणि त्यांनी खोका तिच्या हातात दिला. आत पोपटाचं पिल्लू होतं. अर्धं पिसांचं, अर्धं काट्यांचं, डोकं अंगापेक्षा मोठं. रॉकनी सांगितलं ते असं, की वाडीतला सुका माड घरावर कलला होता म्हणून तोडला, तर त्यात ढोली निघाली. आतली दोन पिल्लं उडून गेली.

"ही एक ऱ्हायली. तंगडी वाकडी हाय. आमच्या घरात मांजरा हायत, त्यांना सांगून काय समजत न्हाय."

सरूबाईने पाणी दिलं. ते त्यांनी उभ्याउभ्याच प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि बस चुकेल म्हणून निघून गेले.

सरूबाईने खोक्यात नीट पाहिलं. पिल्लाचा एक पाय अंगाखाली होता. दुसरा, रिक्षावाला वळताना हात बाहेर काढतो तसा, सरळ बाजूला निघाला होता. त्यामुळे ते उभं राहत नव्हतं. पोटावर सरकत होतं आणि एकाच दिशेने गोल फिरत होतं. तिने खोका टेबलावर ठेवला. आलंय तिचं, येईल तेव्हा ती बघेल, असं म्हणून ती पडली. तेवढ्यात पिल्लाने ओरडायला सुरुवात केली. एवढ्याशा जिवातून तसला आवाज निघू शकतो हे तिला माहीत नव्हतं. शेवंतीने स्वतःहून दार उघडून विचारलं, काय झालं. शेवटी सरूबाईने वरणभात कालवून बोटाने चोचीला लावला. पिल्लाने तो असा खाल्ला, की तिला बोट राहिलंय का ते बघावं लागलं. हेझल घरी येईपर्यंत त्याचं तीनदा जेवण झालं होतं आणि त्याचं नाव विठू पडलं होतं.

हेझलने दुसऱ्या दिवशी विठूला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. परत आल्यावर तिने खोका जमिनीवर ठेवला आणि खोक्यात बघत मोठ्याने बोलायला सुरुवात केली.

"हाडं अजून कोवळी आहेत, डॉक्टर म्हणाले. दोन्ही पाय जवळ घेऊन पट्टीने बांधायचे, मध्ये थोडं अंतर ठेवून. खोलगट भांड्यात बसवायचं, म्हणजे पाय पोटाखाली राहतील. तू वाढतोयस, म्हणून पट्टी एक दिवसाआड बदलायची. आणि उडायला लागलास की सोडून द्यायचं. रानातला पोपट घरात ठेवायचा नसतो, कायदा आहे."

सरूबाई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"आणि हे काम दोन माणसांचं आहे," हेझल विठूला म्हणाली. "एकाने धरायचं, एकाने बांधायचं."

मेथी निवडणं चालूच राहिलं. हेझलने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने दवाखान्यातून आणलेली कागदी चिकटपट्टी काढली, विठूला टॉवेलात गुंडाळलं आणि एकटीच कामाला लागली. पट्टीचं एक टोक विठूच्या पायाला लागलं, दुसरं तिच्या केसांना. ते सोडवताना विठू टॉवेलातून निसटला आणि सरकत सरकत कपाटाखाली गेला. तिथून त्याला झाडूने बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या वेळी त्याने हेझलच्या अंगठ्याला चावा घेतला. ती खाली बसली, अंगठा तोंडात धरला आणि भिंतीकडे बघत राहिली.

सरूबाईने मेथीचं ताट बाजूला सारलं, उठली, पदर हाताला गुंडाळला आणि विठूला उचललं. मांडीत उताणा धरला. मान दोन बोटांत, पंख तळहातात. गावाला तिने कोंबड्या धरल्या होत्या, पोपट काही फार वेगळा नव्हता. हेझल पुढे सरकली. दोघींची डोकी एकमेकींना लागतील इतकी जवळ आली. हेझल पट्टी फिरवू लागली.

"विठू," सरूबाई म्हणाली, "सांग तिला, जरा घट्ट बांध. सैल राहिली तर उपयोग काय."

हेझलचा हात थांबला. मग परत चालू झाला.

"विठू, आईंना सांग, डॉक्टरांनी एवढंच बांधायला सांगितलंय."

विठूने कुणालाच काही सांगितलं नाही. तो चोच उघडी टाकून दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

आमटीचं खोलगट पातेलं सरूबाईने स्वतःच काढून दिलं. त्यात जुन्या लुगड्याचा तुकडा घातला आणि विठू बसला. आता तो फिरत नव्हता, सरकत नव्हता. पातेल्याच्या काठावर हनुवटी टेकून, ऑफिसात साहेब बसतो तसा बसून राही आणि घरातलं सगळं बघे.

त्या दिवसापासून देवाचं काम हलकं झालं. सगळे निरोप विठूकडून जाऊ लागले. "विठू, सांग तिला, ओट्यावर डबा ठेवलाय, कालच्यासारखा विसरू नको." "विठू, आईंना विचार, गुडघ्याची गोळी घेतली का." "विठू, सांग तिला, गोळीने तोंड कडू होतं." "विठू, आईंना सांग, कडू झालं तर गूळ खा, पण गोळी घ्या." सकाळी हेझल त्याला भरवून जाई, दुपारी सरूबाई भरवी. एक दिवसाआड संध्याकाळी पट्टी बदलायची, एक धरी, एक बांधी. निरोपांत हळूहळू दवाखान्यातल्या गमती येऊ लागल्या. कवळी घालूनच झोपणारा म्हातारा आणि दाढ दाखवायला घाबरणारा पोलीस, दोघंही सरूबाईला विठूच्या तोंडून कळले. पोलिसाच्या वेळी तिला हसू आलं. ते तिने विठूकडे बघून हसून घेतलं.

रविवारी निकेतचा फोन आला. कुठल्यातरी बंदरातून, आवाज फाटत होता.

"आई, बोलता का गं तुम्ही आता?"

"घरात बोलणं चालू असतं," सरूबाई म्हणाली. हे खोटं नव्हतं.

पट्टीबद्दलचं तिचं मत मात्र बदललं नव्हतं. लहानपणी तिचा हात मोडला होता तेव्हा गावच्या हाडवैद्याने असा आवळून बांधला होता, की ती रात्रभर रडली. म्हणून तर हात आज सरळ होता. ही पोरगी बांधते ते बांधणं कसलं, नुसती राखी. विठूचा पाय थोडा आत आला होता, पण पुरेसा नव्हता. एका सकाळी हेझल कामाला गेल्यावर सरूबाईने विठूला टॉवेलात गुंडाळलं, गुडघ्यांत धरलं आणि जुन्या पट्टीवरून नव्या पट्टीचे दोन वेढे चांगले ओढून दिले. हेझलला यातलं काही सांगितलं नाही. विठूकडूनही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भरवायला बसली तर विठूने चोच उघडली नाही. ओरडलाही नाही. पातेल्यात डोळे मिटून बसला होता. तिने त्याला उचलून उलटा केला. वाकडा पाय जांभळाएवढा सुजला होता आणि रंगही जांभळाचाच झाला होता.

सरूबाई उठली आणि देव्हाऱ्यापाशी गेली. तिथे तिला सुचेना काय म्हणायचं. ती शेवंतीच्या दाराशी गेली, दाराला कुलूप होतं. परत आली. विठूकडे पाहिलं. त्याच्याकडून आता निरोप पाठवता येत नव्हता.

फोनच्या वर निकेतने भिंतीवर नंबर लिहून ठेवले होते. दवाखान्याचा नंबर तिने वर्षभर येताजाता वाचला होता, लावला कधीच नव्हता. मोबाईल हेझलकडे होता, पण कामाच्या वेळात तो बंद असे.

"हॅलो, डेंटल क्लिनिक," पलीकडून एक बाई म्हणाली.

"ती आहे का?"

"कोण ती?"

"आमच्याकडची."

"मावशी, नाव सांगा ना. पेशंट आहेत का?"

"सून आहे माझी."

"इथे आम्ही दोघी काम करतो मावशी, आणि दोघी कुणाच्या ना कुणाच्या सुना आहोत."

सरूबाईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "हेझल," ती म्हणाली. नाव इतकं सहज तोंडातून निघालं, की तिला स्वतःचाच थोडा राग आला.

पावलं वाजली. मग हेझलचा आवाज. "हॅलो?"

"मी बोलतेय."

 हेझलने अगदी हळू विचारलं, "निकेतला काय झालं?"

सासू आपल्याशी बोलली म्हणजे नवऱ्याचं काहीतरी वाईट झालं असणार, असं तिला वाटलं होतं. हे सरूबाईला कळायला क्षण लागला.

"निकेतला काही नाही," ती म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही. विठूचा पाय सुजलाय, जांभळा पडलाय. पट्टी मी आवळली, काल, तू गेल्यावर."

हेझल तिला काही बोलेल म्हणून ती थांबली. हेझल म्हणाली, "आई, लहान कात्री कुठे आहे?"

"शिवणाच्या डब्यात."

"ती घ्या. पट्टीवर आधी खोबरेल चोळा. दोन पायांच्या मधून कापा, पायाजवळून नको. मग वेढा हळूहळू सोडवा. फोन ठेवू नका, मी आहे इथे."

फोनची वायर आखूड होती. सरूबाईने पातेलंच फोनपाशी आणलं, रिसीव्हर जमिनीवर उताणा ठेवला, निकेतच्या जुन्या बनियनमध्ये विठूला गुंडाळून गुडघ्यांत धरलं. तेल लावलं. कोपर कपाटाला टेकवलं. कात्री मध्ये घातली तेव्हा विठूने सगळी ताकद लावून तिच्या करंगळीचा चावा घेतला.

"चावला का?" जमिनीवरून आवाज आला.

"चावू दे. चावतोय म्हणजे जीव आहे."

पट्टी कापली गेली. पहिला वेढा सुटला, मग दुसरा. शेवटच्या वेढ्याला तिने इतका वेळ लावला, की फोनमधून दोनदा 'आई' अशी हाक आली.

"सुटली," सरूबाई रिसीव्हरवर वाकून म्हणाली.

"बोटं हलवतोय?"

"तीन हलवतोय."

"मी येते," हेझल म्हणाली.

ती रिक्षाने आली आणि त्याच रिक्षात दोघी विठूला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. पातेलं सरूबाईच्या मांडीवर होतं. डॉक्टर तोंडावर सांगणारा माणूस होता. पाय वाचेल म्हणाला, पण एक बोट गेलं, ते वाळून पडेल. तीन बोटांवर पोपटाला बसता येतं.

"माझ्यामुळे?" सरूबाईने विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाला आणि मलम लिहून दिलं.

येताना रिक्षात हेझल रस्त्याकडे बघत म्हणाली, "माझी पण चूक आहे. मी सैलच बांधत होते."

"खोटं बोलू नको," सरूबाई म्हणाली. "तू बरोबर बांधत होतीस."

समोरासमोर बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. विठू मध्ये मांडीवर होता, पण त्याला झोप लागली होती. 

सूज उतरली. बोट पडलं. ते सरूबाईला पातेल्यात सापडलं आणि तिने ते कुंडीत पुरलं. डॉक्टरने पुन्हा पट्टी बांधायला सांगितली तेव्हा ती धरायला तयार होईना, आपल्या हाताला यश नाही म्हणू लागली. हेझलने तिला बळेच बसवलं. एप्रिल संपता संपता पाय पोटाखाली आला. अगदी सरळ नाही, जरा तिरपा, पण खाली. एका सकाळी विठू पातेल्याच्या काठावर उभा राहिलेला दिसला. सरूबाई बराच वेळ चहाची किटली हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली, मग हेझलला उठवायला गेली.

पोपट बोलायला काही शिकला नाही. शेवंती येऊन विचारी, "बोलतो का गं?" हेझल म्हणे, "त्याला मध्ये बोलायला जागाच कुठे मिळते."

मे महिन्यात तो उडू लागला. आधी पातेल्यातून टेबलावर, मग टेबलावरून पंख्यावर. पंखा लावायचा बंद झाला. निकेत जहाजावरून परतला तो नेमका या दिवसांत. जिना चढताना त्याला वरून भांडण ऐकू आलं. दार उघडंच होतं. आत त्याची आई आणि त्याची बायको घामाघूम होऊन एकमेकींच्या तोंडाकडे बघत भांडत होत्या.

"तीन बोटांचा पोपट रानात काय करणार? कावळा उचलून नेईल," आई म्हणत होती.

"आई, उडतोय तो आता. सोडायचा असं पहिल्यापासून ठरलं होतं ना."

"तू ठरवलंस, डॉक्टरने ठरवलं. मला कुणी विचारलं? मी सोडणार नाही म्हणजे नाही."

निकेत बॅग दारात ठेवून बॅगेवरच बसला. त्याला घाई नव्हती. थोड्या वेळाने आईचं लक्ष गेलं. "आलास? हात-पाय धू," ती म्हणाली आणि पुन्हा हेझलकडे वळली.

सरूबाईने सोडायचा नाही असं ठरवलं होतं, आणि ठरवलेलं ती मोडत नसे. पण रोज संध्याकाळी खाडीकडून पोपटांचा थवा गोडदेववरून ओरडत जाई. तो आला की विठू पंख्यावरून झेप घेऊन खिडकीच्या जाळीवर आदळे. तीन बोटं जाळीत अडकवून लटकून राही, थवा दिसेनासा होईपर्यंत. चार संध्याकाळी सरूबाईने ते पाहिलं. पाचव्या संध्याकाळी तिने उठून खिडकी लावली, की त्याला थवा ऐकूच येऊ नये. तर तो काचेवर आदळून खाली पडला. तिने त्याला उचलून पदरात घेतलं. छाती धडधडत होती.

"हेझल," ती स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "तुझ्या वडलांकडे माड आहेत ना अजून?"

रविवारी तिघं बसने डोंगरीला गेली. सरूबाई सुनेच्या माहेरी पहिल्यांदाच जात होती, म्हणून तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. विठू झाकणाच्या टोपलीत होता. हेझलची आई मॅबेल दारात उभी होती. दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मॅबेल म्हणाली, "पोपट बगू."

रॉकनी टोपली मागच्या पडवीत ठेवून झाकण काढलं. विठू काठावर आला. मान वाकडी करून माडांकडे पाहिलं. मग उडाला आणि सरूबाईच्या खांद्यावर येऊन बसला. तिने त्याला उचलून परत काठावर ठेवलं. तो परत आला. तिसऱ्या खेपेला ती तिथून उठून स्वयंपाकघरात मॅबेलजवळ जाऊन बसली आणि कांदा कापू लागली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, कांदा जहाल होता. सगळी जेवून उठली तेव्हा टोपली रिकामी होती. विठू पेरूच्या झाडावर होता.

रॉकनी पडवीत भिजवलेल्या चण्याची वाटी ठेवायची, असं ठरलं. विठू सकाळी थव्याबरोबर जाई, संध्याकाळी वाटीवर येई. सरूबाई दर रविवारी त्याला बघायला जाऊ लागली, निकेत नि हेझल असोत नसोत. बस कुठून सुटते ते तिला पाठ झालं. विठू कधी खांद्यावर येई, कधी दुरूनच बघे. मग तो दोन-तीन दिवसांनी येऊ लागला. मग वाटीतले चणे तसेच राहू लागले.

एका रविवारी ती उतरून वाडीत शिरली तर रॉक फाटकापाशीच उभे होते. त्यांना सांगायला जड जात होतं.

"विहीनबाय, पंधरवडा झाला. पोपट येत न्हाय. तुमी उगाच एवढ्या लांब आल्या."

"माहितीये," सरूबाई म्हणाली. "हेझलने सांगितलं."

आणि ती त्यांच्या बाजूने आत गेली, पायऱ्या चढली, पिशवीतून आमसुलांची पुडी काढून मॅबेलसमोर ठेवली. रत्नागिरीहून दिराने पाठवली होती.

"मागच्या वेळी कालवणाला चिंच घातली होतीत," ती म्हणाली. "आज मी करते. बांगडे कुठे आहेत?"